'सुरक्षित वायफाय'चे पैसे घेतले आणि चावी स्वतःकडेच ठेवली

पावसाळ्याच्या तोंडावर विजांच्या कडकडाटात राउटर जळणे हे गोव्यात नवे नाही. याच गडबडीचा फायदा घेऊन पर्वरीत आमच्या घरी एका इसमाने आम्हाला कसे गंडवले, ते इतरांनी सावध व्हावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. आपण इंटरनेट कंपनीचाच माणूस असल्याचे सांगून त्याने नवा राउटर बसवला आणि किमतीखेरीज 'सुरक्षा परवान्या'चे २५०० रुपये वेगळे घेतले. हा परवाना दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, असेही वडिलांना बजावले. पावती व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होती, ती अद्याप यायची आहे.

मुळात असा परवानाच नसतो. डब्ल्यूपीए२ ही वायफायची संरक्षणपद्धती २००४ पासून आणि डब्ल्यूपीए३ ही २०१८ पासून उपलब्ध असून, ती राउटरमध्येच असते. सेटिंगमध्ये ती निवडून लांबलचक पासवर्ड टाकायचा, एवढेच काम. त्याला दमडीही पडत नाही.

खरी लबाडी पुढेच होती. एकदा विजांमुळे आम्ही राउटर बंद ठेवला असता, शेजारच्या इमारतीत भाड्याने उतरलेला एक पर्यटक दारात येऊन 'वायफाय कधी सुरू होणार?' असे विचारू लागला. त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लॅमिनेट केलेले कार्ड होते, त्यावर क्यूआर कोड आणि खाली चक्क आमच्या घराचे नाव, पुढे 'गेस्ट'! फ्लॅटमालक त्याच इसमाला दरमहा पैसे देत होता आणि हे सारे रीतसर आहे असे समजत होता. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्या इसमाने 'सुरक्षेसाठी' आम्हाला दिलाच नव्हता, आणि बाहेरून नियंत्रण करण्याची सोय चालू ठेवली होती. जोडणी मात्र वडिलांच्या नावावर; म्हणजे त्या फ्लॅटमधून कोणी काही भलतेसलते केले असते, तर आयपी पत्त्याच्या (इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकाच्या) मागाने पोलीस आमच्याकडेच आले असते.

कंपनीकडे चौकशी केली तेव्हा असा कोणी कर्मचारीच नसल्याचे कळले. तिच्याकडून जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड आधी घेतले, कारण आमच्यासारख्या जोडणीत त्यांच्याशिवाय रीसेट केल्यास इंटरनेट परत येत नाही. मगच राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली. सेटिंगचा नवा पासवर्ड वडिलांनी स्वतः टाकला, बाहेरचे नियंत्रण आणि त्या इसमाने उघडलेले गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय, बंद केले. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून वायफायला जोडण्याची सोय, तीही बंद केली. त्याचा पिन आठ अंकी दिसतो खरा, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच उघड झाले आहे.

पैसे यूपीआयने दिले असल्याने व्यवहार क्रमांक हाताशी होता. तो आणि त्या कार्डाचे छायाचित्र जोडून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनमार्फत तक्रार नोंदवली आहे. पर्वरीत 'परवाना' घेतलेले आणखी कोणी असल्यास त्यांनीही आपला व्यवहार क्रमांक शोधून तक्रार करावी, म्हणजे एकाच माणसाविरुद्धच्या या साऱ्या नोंदी एकत्र पाहता येतील.