रोजच्या इंग्रजीसाठी ‘सिक्स मिनिट इंग्लिश’: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी वाचता-लिहिता येणाऱ्या पण बोलायची वेळ आली की अडखळणाऱ्या माणसांसाठी हे लिहितेय. मी स्वतः त्यातलीच. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधीच्या आम्हा सगळ्यांची सुरुवात पाचवीत. डिप्लोमा इंग्रजीतून झाला, मेल बिनचूक जातात. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे. सप्लायर कोइमतूर, होसूरकडचे, तिथे फोनवर हिंदीही फारशी चालत नाही. शिवाय आठवड्यातून एकदा इंग्लंडमधल्या ग्राहकाबरोबर कॉल असतो. माल का उशिरा येतोय हे तिथे मलाच सांगावं लागतं.

याआधी एका क्लासला फी भरून जात होते. तिथे ‘माय नेम इज’पासून सुरू होणारी ठरावीक भाषणं पाठ करून घेत. समोरच्याने मधेच वेगळा प्रश्न विचारला की त्या घोकंपट्टीचा काही उपयोग नसायचा. मग मोबाइलवर शब्द जुळवून वाक्य बनवायचं एक अॅप वापरलं. त्यात गुण भराभर मिळत गेले, पण तोंड मात्र बंदच राहिलं.

‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा बीबीसी लर्निंग इंग्लिशचा, म्हणजे बीबीसीच्या इंग्रजी शिकवणाऱ्या विभागाचा, ऐकायचा कार्यक्रम. बीबीसी १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवतेय, तो अनुभव या सहा मिनिटांत जाणवतो. दोन निवेदक असतात. सुरुवातीला ते विषयाशी संबंधित एक प्रश्न टाकतात, तीन पर्याय देतात आणि उत्तर थेट शेवटी सांगतात. मधे गप्पा, जाणकारांच्या बोलण्याचे तुकडे, आणि सहा शब्द किंवा वाक्प्रचार, ज्यांची शेवटी उजळणी होते. बोललेला शब्दन् शब्द लिहिलेला मिळतो, तोही फुकट. पातळी मध्यम आहे. दहावीचं इंग्रजी ज्याला नीट जमलंय त्याला झेपेल. अगदी सुरुवात करणाऱ्याला जड जाईल.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते जाणकारांच्या बोलण्याचे ते तुकडे. निवेदक आपल्यासाठी सावकाश, स्वच्छ बोलतात आणि ते सगळं कळतं. मग मधेच एखाद्या शास्त्रज्ञाचं नेहमीच्या वेगातलं बोलणं लागतं आणि अर्धं डोक्यावरून जातं. लगेच निवेदक त्यातला नेमका अवघड शब्द पकडून समजावतात. तोच तुकडा मागे जाऊन पुन्हा ऐकला की मघाशी नुसता आवाज वाटलेलं वाक्य शब्दाशब्दाने सुटं होतं. कान तयार होतो तो इथे.

नुसतं ऐकून मात्र फार काही होत नाही, हे आधीच सांगते. मी पाळते ती पद्धत अशी. पहिल्यांदा कागद न बघता ऐकायचं. दुसऱ्यांदा लिहिलेलं समोर ठेवून, जे सुटलं त्याखाली रेघ मारायची. तिसऱ्यांदा निवेदकाच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, मोठ्याने बोलत जायचं. पुटपुटायचं नाही, मोठ्याने. हे तिसरं काम कंटाळवाणं आहे आणि खरा फरक त्यानेच पडतो. मराठीत आपण शब्दातल्या जवळजवळ सगळ्या अक्षरांना सारखं वजन देतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरं आक्रसतात. ‘कॉम्पोनंट’ हा शब्द मी दिवसातून कितीदा बोलत असेन, पण नेहमी पहिल्या अक्षरावर आपटून. इंग्लंडच्या कॉलवर समोरची माणसं जोर देतात तो ‘पो’वर, ‘कम्पोनन्ट’. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफी’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. मागोमाग बोलण्याचा सराव केला की हे नियम पाठ न करताच जिभेवर बसायला लागतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या कामात त्यावर गाडी सुटणं न सुटणं अवलंबून असतं. ‘वी कॅन डिस्पॅच ऑन फ्रायडे’ आणि ‘वी कान्ट डिस्पॅच ऑन फ्रायडे’. आपण समजतो, फरक त्या ‘ट’मध्ये आहे. कॉलवर तो ‘ट’ बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. इंग्रज माणूस पहिल्या वाक्यात ‘कॅन’ जवळजवळ गिळतो, ‘वी कन डिस्पॅच’, आणि वजन जातं ‘डिस्पॅच’वर. नकार असला की ‘कान्ट’ लांब आणि ठसठशीत येतो. म्हणजे आपण होकारार्थी ‘कॅन’वर जोर दिला तर त्यांच्या कानाला ते नकारासारखं लागू शकतं. ऑफ, टू, फॉर, अॅन्ड अशा सगळ्या बारक्या शब्दांची हीच गत. बीबीसी लर्निंग इंग्लिशवरच टिम नावाच्या शिक्षकाची उच्चारांची व्हिडिओ मालिका आहे. शब्द एकमेकांना कसे चिकटतात, कुठला आवाज गळतो, हे तो रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडचं बोलणं ऐकवून दाखवतो. सहा मिनिटांच्या जोडीला ती जरूर बघा.

फोनवरच्या आणि ऑफिसातल्या बोलण्यासाठी तिथलीच ‘इंग्लिश अॅट वर्क’ ही जुनी मालिका मला जास्त कामाची वाटली. अॅना नावाची मुलगी प्लॅस्टिकची फळं विकणाऱ्या कंपनीत मुलाखत देते, नोकरीला लागते, आणि पुढे तक्रारीचे फोन, मीटिंगा, चिडलेले ग्राहक असं सगळं तिच्या वाट्याला येतं. प्रत्येक भागात त्या प्रसंगाला लागणारी वाक्यं सुटी करून देतात. ‘व्हेन यू आर सेंडिंग मटेरियल?’ हे आमच्याकडचं रोजचं वाक्य. कोइमतूरला ते चालून जातं, पण इंग्लंडच्या कॉलवर दरडावल्यासारखं वाटतं. ‘कुड यू टेल मी व्हेन...’ अशी सुरुवात अंगवळणी पडल्यापासून समोरचा माणूसही नीट, सविस्तर उत्तर देतो. मराठीत ‘पाठवाल का’ म्हटलं की क्रियापदच अदब सांभाळतं. इंग्रजीत ती ‘कुड’ आणि ‘वुड’वर टाकावी लागते.

आता मर्यादा. हा ऐकायचा कार्यक्रम आहे, तुमचं बोलणं ऐकून तो काही सांगणार नाही. ती बाजू मी दोन गोष्टींनी भरून काढली. एक, मोबाइलच्या कीबोर्डवरचं बोलून टाइप करायचं बटण. भाषा इंग्रजी ठेवायची आणि वाक्य बोलायचं. मराठीच्या एका ‘व’ने आपण दोन इंग्रजी आवाज चालवतो, ते इथे लगेच उघडं पडतं. ‘व्हॅल्व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले नाहीत तर स्क्रीनवर भलताच शब्द उमटतो. हे बटण मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, म्हणून पूर्ण वाक्याऐवजी सुटा शब्द बोलून बघावा.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी क्वालिटीतली एक मैत्रीण बसते. सकाळी दोघी एकच भाग ऐकतो आणि संध्याकाळी निगडी येईपर्यंत त्यावर इंग्रजीतच बोलतो. विषय झोपेचा असो, प्लॅस्टिकचा असो की एकटेपणाचा. सुरुवातीला आजूबाजूचे वळून बघायचे, आता कुणाचं लक्षही नसतं. सहा शब्दांपैकी निदान दोन बोलण्यात आलेच पाहिजेत एवढा एकच नियम. ज्याला अशी सोबत नाही त्याने घरात मोठ्याने दोन-तीन मिनिटं विषय सांगून रेकॉर्ड करावा आणि आठवडाभराने ऐकावा.

शब्दांच्या बाबतीत थोडं निवडून घ्यावं लागतं. बरेच वाक्प्रचार खास ब्रिटिश असतात. ऐकून कळले तरी पुरे, आपण ते चाकण-कोइमतूर फोनवर वापरायची काही गरज नाही. आणि या कार्यक्रमाने तमिळ वळणाचं इंग्रजी कळायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो कान वेगळा. त्यासाठी मी आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐकते आणि सप्लायरशी मुद्दाम मेलऐवजी फोनवर बोलते. एलआर कॉपी, म्हणजे ट्रकवाल्याने माल घेतल्याची पावती, मागायची असली तरी फोन. नंबर, तारखा आणि नग मात्र बोलून झाल्यावर परत वाचून दाखवायला सांगते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ची गल्लत फोनवर कुणाचीही होऊ शकते, अगदी इंग्रजांचीही.

फरक कितपत पडला? इंग्लंडच्या कॉलवर पूर्वी माझं बोलणं मॅनेजर पुरं करायचे, आता करत नाहीत. समोरचा मधेच विषय बदलतो तेव्हा मी ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हणून वेळ घेते आणि पुढे जाते. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं हा घोळ पूर्ण सुटलेला नाही, त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक वेगळं लागतंच. वेग अजून हवा तेवढा नाही.

सुरू करायचं असेल तर जुन्या भागांपासून क्रमाने जाण्यात अर्थ नाही, ते शेकड्यांनी आहेत. आपल्या आवडीचा विषय बघून उचला. मी खाण्यापिण्यावरच्या भागांपासून सुरुवात केली, कारण त्यातले निम्मे शब्द ओळखीचे निघतात आणि कानाला दम खायला जागा मिळते. आठवडाभर एकच भाग धरलात तरी चालेल, फक्त तो मोठ्याने बोलून झाला पाहिजे.