सरपंच हटवायचाय? अविश्वास, कलम 39 की अपात्रता, सह्या गोळा करायच्या आधी हे बघा

गावात नैतिकतेच्या मुद्द्यावर सरपंचाविरुद्ध वातावरण तापलं की कोणीतरी वही घेऊन दारोदार सह्या गोळा करायला लागतो, दोनतीनशे सह्या झाल्या की फोटो ग्रुपवर पडतो, खाली अंगठे येतात आणि सगळ्यांना वाटतं आता हा गेला. तसं काही होत नाही. मतदारांनी सह्या करून सरपंचाला परत बोलवायची सोय महाराष्ट्राच्या कायद्यात नाहीच. मध्य प्रदेश-छत्तीसगढमध्ये नगरपालिकांना आहे, तिथे लोक भरलेली खुर्ची की रिकामी खुर्ची यावर शिक्का मारतात आणि 2008 ला छत्तीसगढमध्ये तीन नगराध्यक्ष असे घरी गेलेत, पण तिथेही सुरुवात नगरसेवकांनीच करायची असते. आपल्याकडे सरपंचासाठी ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधले मुख्य तीन रस्ते आहेत, तिन्ही वेगवेगळ्या ऑफिसात जातात आणि लोक नेमका चुकीचा धरतात, कारण अविश्वास हा एकच शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो.

अविश्वास ठराव, कलम 35

हा सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात फसवा. नोटीस तहसीलदाराकडे द्यायची, सात दिवसांत त्याने खास सभा लावायची, अध्यक्ष तोच. ऐकायला सोपं वाटतं. पण 2017 ला सरपंच थेट जनतेतून यायला लागला (2020 ला ते बंद केलं, 2022 ला परत आणलं) आणि थेट निवडून आलेल्या सरपंचासाठी गणित बरंच कडक झालं. नोटिशीवर दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्या लागतात, ठराव तीन चतुर्थांशने पास व्हावा लागतो, आणि एवढं करूनही संपत नाही, नंतर खास ग्रामसभा आणि तिथे गुप्त मतदान, गावाने हो म्हटलं तरच सरपंच जातो.

यातली खरी मेख अशी की बहुमत हजर असलेल्यांचं मोजत नाहीत, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांचं मोजतात. समजा एकूण 11 जण आहेत, तर नोटिशीला 8 सह्या आणि ठरावाला 9 मतं. म्हणजे सरपंचाला फक्त तीन माणसं पाहिजेत, आणि त्यांनी विरोधात हात वर करायचीही गरज नाही, त्या दिवशी घरी झोपून राहिले तरी काम झालं. म्हणूनच नोटीस पडली की दोन्हीकडून सदस्य गायब होतात, कोण देवदर्शनाला, कोण गोव्याला, फोन स्विच ऑफ, आणि सभेच्या सकाळी गाडीतून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरतात. याचा खर्च कोण करतं हाही नैतिकतेचाच प्रश्न आहे म्हणा, पण तो कोणी विचारत नाही.

वेळेचंही बंधन आहे. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत पण नाही. आणि ठराव एकदा पडला की पुढची दोन वर्षं परत आणता येत नाही, म्हणजे पाच वर्षांच्या टर्ममध्ये जवळजवळ एकच बार, तो फुकट गेला की सरपंच आधीपेक्षा जास्त मोकळा होतो.

एक फायदा मात्र आहे, इथे पुरावा सिद्ध करावा लागत नाही, मतं पुरतात. पण उलट बाजूने बघितलं तर सरपंच गेला तरी पैसे खाल्ल्याचं कुठेच नोंदलं जात नाही, तो पारावर बसून सांगणार की राजकारण करून मला काढलं, आणि ते अगदीच खोटं पण नसतं.

कलम 39, गैरवर्तन

तुमची तक्रार खरंच वागणुकीबद्दल असेल, म्हणजे काम न करता बिल काढलं, ठराव झाला नसताना प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) घुसवला, तर कायद्याने त्यासाठी ठेवलेला रस्ता हा आहे. कामात गैरवर्तन, लाजिरवाणं वागणं, कर्तव्यात कसूर, या कारणांवर विभागीय आयुक्त सरपंचाला काढू शकतो. तक्रार गावातला कोणीही करू शकतो, सदस्यांची मोट बांधायची गरज नाही, कोणाला गोव्याला न्यायचं नाही.

गरज आहे ती कागदांची. आणि कागद मिळतात, लोक मागत नाहीत एवढंच. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या गावाचं नाव टाकून वित्त आयोगाच्या पैशातून कोणाला किती पेमेंट गेलं ते दिसतं, तिथून सुरुवात करा. मग माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतीच्याच माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (2024 पर्यंत ज्याला ग्रामसेवक म्हणायचे). त्यात मोघम मागू नका. ‘पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या’ असं लिहिलं की माहिती मोठ्या प्रमाणात आहे, येऊन बघून घ्या असं उत्तर येतं. एक काम धरा, समजा अमुक गल्लीतले पेव्हर ब्लॉक, आणि त्या एकाच कामाचं अंदाजपत्रक, ठरावाची प्रत, मोजमाप पुस्तिकेचं पान, व्हाउचर आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा. तीस दिवसांत द्यावं लागतं. मोजमाप पुस्तिकेत लांबी 120 मीटर लिहिलेली असेल आणि टेपने मोजल्यावर 70 भरली तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं, टेप धरलेला फोटो काढा, तारखेसकट. असं एक काम पक्कं धरलेलं चालतं, वीस आरोपांची यादी केली की त्यातले सतरा ऐकीव निघतात आणि सरपंचाचा वकील त्या सतराबद्दलच बोलत बसतो.

आता वाईट बाजू. हे हळू चालतं, फार हळू. आयुक्त चौकशीला जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी) पाठवणार, सीईओंकडून ते पंचायत समितीत बीडीओकडे (गटविकास अधिकारी) उतरणार, तिथून विस्तार अधिकारी गावात येणार आणि चहा कोणाकडे पिणार ते तुम्हाला माहितीये. चौकशी सीईओंनी करायची असं कलमात आहे, त्यामुळे नुसत्या खालच्या अहवालावर निकाल लागला तर पुढे सरपंच तोच मुद्दा धरून लढतो, म्हणून सीईओंसमोर सुनावणी लागतीये का ते पाठपुरावा करून बघायचं. आयुक्तांचा आदेश झाला तरी वर सरकारकडे अपील आहे, म्हणजे मंत्र्यापुढे, आणि तिथे स्टे मिळाला की टर्म संपेपर्यंत खुर्ची शाबूत. पण एक आहे, यातून काढला गेला तर कारण लेखी राहतं, आणि ते कारण अविश्वासात कधीच मिळत नाही.

अपात्रता, कलम 14 आणि 16

इथे सरपंच कसा वागला हा प्रश्नच नाही, तो त्या पदावर बसायला पात्र आहे का एवढंच बघतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, कोणीही करू शकतो. निकाल पटला नाही तर पंधरा दिवसांत अपील.

तिसरं अपत्य, थकलेली घरपट्टी ही नेहमीची हत्यारं, ती बाजूला ठेवू, त्यात नैतिकतेपेक्षा हिशोब चुकता करणं जास्त असतं. आपल्या विषयाला लागू होणारी दोन कारणं आहेत. एक म्हणजे ग्रामपंचायतीच्याच कामात किंवा ठेक्यात सरपंचाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध. भाच्याच्या नावावर ठेका दिसला की लोक उड्या मारतात, पण नुसतं नातं पुरत नाही, त्या पैशात सरपंचाचा वाटा दिसला पाहिजे, म्हणजे भागीदारी, एकत्र खातं, त्याच्याच नावची जेसीबी असं काहीतरी. दुसरं, सरकारी जागेवर अतिक्रमण. यात 2018 ला सुप्रीम कोर्टाने जनाबाई प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण मूळ घरच्यांनी केलेलं असलं तरी त्याचा उपभोग घेणारा सदस्य सुटत नाही.

पण थांबा, 2024 ला त्याच सुप्रीम कोर्टाने जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला परत पदावर बसवलं. आरोप होता की ती सासूच्या सरकारी जागेवरच्या घरात राहते, तिचं म्हणणं आम्ही वेगळे भाड्याने राहतो, आणि खालच्या अधिकाऱ्यांनी नीट न तपासता तिला काढलेलं. कोर्टाने स्पष्ट म्हटलं की निवडून आलेल्या माणसाला काढणं इतकं हलक्यात घेऊ नका, खासकरून गावातली बाई असेल तर. हे मुद्दाम सांगतोय, कारण अर्ध्या जागा महिलांना राखीव आहेत आणि नैतिकतेच्या नावाने निघालेल्या मोहिमांपैकी किती खरंच नैतिकतेच्या असतात आणि किती ‘हिच्या हाताखाली बसायचं का’ यातून येतात हे ज्याचं त्याने बघावं.

मग कुठला धरायचा

माझं मत विचाराल तर अविश्वास शेवटी ठेवा. सदस्य पक्के असतील आणि ग्रामसभेत तुमच्या बाजूने लोक खरंच येऊन बसणार असतील तरच, कारण गुप्त मतदानात ग्रुपवर अंगठा दाखवणारे सगळे येत नाहीत. हातात एकच पण ठोस कागद असेल, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणीचा नकाशा, भागीदारीपत्र, तर थेट अपात्रता. पैशाचा घोळ असेल आणि टर्मची दोन वर्षं तरी बाकी असतील तर कलम 39, आणि अर्ज आत्ताच द्या, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. 39 आणि अपात्रता दोन्ही एका वेळी चालवायला काही हरकत नाही, फक्त दोन्ही अर्जांत तारखा आणि रकमा जुळल्या पाहिजेत. लाच मागितल्याची गोष्ट असेल तर हे सगळं सोडा, 1064 ला फोन लावा, ते एसीबीचं, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं काम आहे.

आणि तोपर्यंत ग्रुपवर ‘चोर सरपंच’ लिहायचं बंद करा, अब्रूनुकसानीची नोटीस आली की गाव मागे हटतं.

अजून एक, जे कोणी आधी बघत नाही. सरपंच गेला की नवीन येईपर्यंत कारभार उपसरपंचाकडे जातो. म्हणून ज्या बिलांवरून तुम्ही भांडताय त्यांच्या ठरावाची प्रोसिडिंगची प्रत काढा आणि सूचक म्हणून कोणाचं नाव आहे, अनुमोदक म्हणून कोणाचं, ते वाचा. त्यातलं एक नाव उपसरपंचाचं निघालं तर अर्जात दोघांना घाला.