द एज ऑफ इनोसन्स : मे वेलंडला भोळी समजू नका

ईडिथ व्हॉर्टनच्या या कादंबरीची ओळख बहुतेक वेळा एकाच साच्यात करून दिली जाते: बंडखोर एलेन, साधीभोळी मे आणि दोघींमध्ये अडकलेला न्यूलँड आर्चर. मला ही वाटणी मुळीच पटत नाही. का, ते सांगायचं तर शेवटही सांगावा लागेल.

काळ 1870च्या दशकातला, माणसं न्यू यॉर्कच्या मोजक्या श्रीमंत घराण्यांतली. पोलिश काउंटचा संसार सोडून एलेन ओलेन्स्का माहेरी परत येते. तिला घटस्फोट हवा आहे. तिला परावृत्त करायचं काम वकील असलेल्या आणि मेशी लग्न ठरलेल्या न्यूलँडवर येतं. मी स्वतः कौटुंबिक दावे चालवते, म्हणून हे प्रकरण शब्द न् शब्द वाचलं. मला मोकळं व्हायचंय, असं ती स्पष्ट सांगते. तो मात्र घराण्याचीच बाजू मांडत राहतो: कायदा घटस्फोट देईल, समाज देणार नाही. पक्षकारासमोर बसून विरुद्ध बाजूचं काम करणारा हा वकील पाहून माझा संताप झाला. आणि कणखर म्हणून जिची ख्याती, ती एलेन एका भेटीत माघार घेते.

आता मे. न्यूपोर्टच्या धनुर्विद्येच्या स्पर्धेत ती शांतपणे नेम धरते आणि जिंकते. पुढे काय होणार, हे व्हॉर्टननं तिथंच सांगून ठेवलंय. लग्नाआधी ती न्यूलँडला स्वतःहून विचारते, दुसरी कुणी आहे का, असेल तर मी बाजूला होते. हा मोठेपणा खरा आहे. लग्नानंतर मात्र, आपल्याला दिवस गेल्याची खात्री नसतानाच ती एलेनला तसं सांगते. एलेन युरोपला परत जायचं ठरवते. तिच्या निरोपाची मेजवानीही मेच देते! आवाज न चढवता, एकही आरोप न करता तिनं दोघांची वाट बंद केली. ही ताकद नाही तर काय? पण ती दुसऱ्या बाईच्या जिवावर वापरली गेली, हेही मी विसरू शकत नाही. म्हणूनच मला मे एकाच वेळी आवडते आणि तिची भीती वाटते. 26 वर्षांनंतर, मेच्या मृत्यूनंतर मुलाच्या तोंडून न्यूलँडला कळतं, की तिला सगळं ठाऊक होतं.

तक्रार एकच, पण मोठी. सगळं न्यूलँडच्या नजरेतून दिसतं. एकटी असताना एलेन काय विचार करते, हे पुस्तक कधीच सांगत नाही, आणि तिच्यावर तो अन्याय वाटतो. त्या मानानं मे आणि एलेनची आजी, म्हातारी मिसेस मिंगट, ठसठशीत उतरली आहे. स्थूलपणामुळे जिना चढवत नाही, म्हणून झोपायची खोली तळमजल्यावर आणणारी आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करणारी बाई.

1920च्या या कादंबरीला पुढच्या वर्षी पुलित्झर हे अमेरिकी पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणारी व्हॉर्टन पहिली स्त्री. सुरुवातीला घराण्यांच्या नावांची गर्दी होते, तेव्हा नाती कागदावर लिहून ठेवा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मूळ इंग्रजी पुस्तक मोफत आहे. जरूर वाचा, आणि मेचं प्रत्येक वाक्य सावकाश वाचा.