एका खोलीत सहा टेबलं: इअरप्लग, हेडफोन की बोलून ठरवणं?

नागपूरच्या धरमपेठेत सहा टेबलांच्या एका भाड्याच्या खोलीत मी मुद्रितशोधनाचं काम करते. एका टेबलावर जीएसटीची रिटर्न भरली जातात, दुसऱ्यावर दिवसभर विम्याचे फोन चालतात, खिडकीजवळ ग्राफिक डिझायनर बसतो. इथं नव्यानं टेबल घेणारा प्रत्येक जण महिनाभरात विचारतोच: ताई, इअरप्लग घेऊ की हेडफोन? मी दोन्ही वापरले आहेत. पण पैसे काढण्याआधी तुम्हाला नेमका कशाचा त्रास होतो ते बघा.

मला ते कूलरमुळे कळलं. उन्हाळाभर आमच्या खिडकीतला कूलर घरघरतो, समोरच्याला दोनदा हाक मारावी लागते, तरी माझं काम नीट होतं. पावसाळा लागला, कूलर बंद झाला, खोली शांत झाली आणि त्याच आठवड्यात माझ्या प्रुफात चुका राहू लागल्या. एका निमंत्रणपत्रिकेत 'शनिवारी'च्या जागी मी 'सोमवारी' टाइप केलं. त्याच क्षणी विम्याचे भाऊ फोनवर 'सोमवारी हप्ता भरून टाका' म्हणत होते. चार महिने त्यांचं बोलणं कूलरनं झाकलं होतं.

म्हणजे आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्यात शब्द आहेत का, हे महत्त्वाचं. 1976 साली कॉल आणि वेल्श या संशोधकांनी दाखवलं की समोरची अक्षरं क्रमानं लक्षात ठेवताना मागं कुणी न कळणाऱ्या भाषेत बोलत असलं तरी चुका वाढतात. आमच्याकडे तर शेजारी मराठीतच बोलतो.

आता नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. त्यातला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर कानात सोडतो. कूलर, एसी, जनरेटर, विमान असा सलग, खर्जातला आवाज यात छान मरतो. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं आणि त्याचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो, त्यामुळे ते पूर्ण जात नाही. उलट घरघर गेली की शेजारचे शब्द जास्त स्वच्छ ऐकू येतात, हा माझा अनुभव आहे. दोन-तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंत मोजून हे पदरात पडणार असेल, तर आधी कुणाचा तरी मागून दोन दिवस लावून बघाच. शिवाय नागपूरचा मे महिना लक्षात घ्या. पारा 45 च्या आसपास असतो, दुपारी वीज गेली की कान झाकणाऱ्या गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात. इथं घ्यायचाच तर कानात बसणारा छोटा घ्या. आणि त्यावर शब्दांची गाणी लावू नका. पावसाचा आवाज हळू लावा, तो कूलरचं काम करतो. आमच्या डिझायनरला गाणी चालतात, कारण त्याचं काम शब्दांचं नाही.

फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये शंभर रुपयांच्या आत मिळतात, आणि वाचायचं काम असेल तर माझं मत सरळ यांच्या बाजूनं आहे. बोलण्यातल्या वरच्या पट्टीचे आवाज ते चांगले अडवतात, त्यामुळे शब्दाचा नुसता गुणगुणाट उरतो. बहुतेकांना ते निरुपयोगी वाटतात कारण नीट बसवलेले नसतात. बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा. किती आवाज अडतो हे सांगणारा पाकिटावरचा तिशीतला डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, घाईत खुपसलेल्या प्लगला तेवढा मिळत नाही. मळले की फेकून द्या. ज्यांना दर दहा मिनिटांनी फोन येतो किंवा कान दुखतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

तिसरा मार्ग फुकटचा आहे, तरी मी तो सगळ्यात शेवटी वापरला, कारण बोलायला संकोच वाटला. चूक छापून गेल्यावर मी विम्याच्या भाऊंना पान दाखवलं. ते म्हणाले, "ताई, मी एवढ्या मोठ्यानं बोलून राहिलो होतो का? सांगायचं ना आधी!" तेव्हापासून अकरा ते एक खोलीत फोन नाही, ज्याला बोलायचं तो गॅलरीत जातो. माझं निम्म्याहून जास्त काम त्या दोन तासांत होतं. दिवसभर शांतता मागितली असती तर कुणी ऐकलं नसतं. त्यांचंही पोट फोनवर आहे. नवा माणूस टेबल घेतो तेव्हा हे पुन्हा सांगावं लागतं, तेवढंच.

खोलीतली माणसं ऐकणारी नसतील आणि तुमचं काम वाचायचं-लिहायचं असेल, तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकेत महिन्याच्या हिशेबानं खुर्ची मिळते का बघा. तिथं फोन चालत नाही, गिऱ्हाईक बोलावता येत नाही. सकाळचे चार तास तिथं आणि दुपार ऑफिसात, असं जमवता येतं.

तुमचंच काम फोनवरचं असेल तर मात्र यातलं काहीच घेऊ नका. दार लागणारी लहान खोली शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.