राजारामपुरीतला बायकांचा दवाखाना: पोटात बाळ असताना अंगावरून जात असेल तर इथं दाखवा

जुलैत मला सहावा लागला आणि अंगावरून पांढरं जायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "गरोदरपणात जातंच गं, घाबरू नको." ते खरंही आहे. पातळ, पांढरट, फारसा वास नसलेलं असेल तर ते या दिवसांत वाढतंच. माझं मात्र दह्याच्या चोथ्यासारखं होतं आणि खाजेनं रात्र-रात्र डोळा लागत नव्हता. आधी एके ठिकाणी दाखवलं, तिथं न तपासताच तोंडातून घ्यायची गोळी लिहून दिली. मन धजेना, घेतली नाही. मग मावसबहिणीनं मला इथं आणलं.

मॅडमनी पडद्याआड नीट तपासलं. पीएचचा, म्हणजे आंबटपणा मोजायचा कागद लावला, आकडा ४.५ च्या आत आला, आणि स्लाइडवर बुरशी दिसली. मला आवडलं ते त्यांचं विचारणं. महिनाभरात काय काय औषधं घेतलीस? खोकल्यासाठी मी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाल्लं होतं. त्यानं आतले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. धुतेस कशानं? जाऊबाईंनी दिलेल्या सुगंधी वॉशनं, दिवसातून दोनदा, तेही आतपर्यंत. "अगं, आतलं शरीर स्वतःच साफ ठेवतं. बाहेरून साधं पाणी बास."

कपडे वाळतात का घरात? या प्रश्नाला मी गप्पच झाले. कोल्हापूरच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन नसतं. दोरीवरची ओलसर निकर तशीच घालून, वर घट्ट नायलॉनची लेगिंग चढवून मी रोज शाळेवर शिकवायला जात होते. आता सगळं सुती, आणि इस्त्री फिरवल्याशिवाय अंगाला लावत नाही.

आईला मधुमेह आहे म्हटल्यावर त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा १५२. १४० किंवा पुढे गेला की गरोदरपणातली साखर धरतात, आणि साखर वाढली की बुरशीही वाढते. आहार लगेच बदलून दिला. औषध म्हणून सात रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या. चौथ्या रात्री मी शांत झोपले.

मॅडमनी एका कागदावर मराठीत लिहूनही दिलं. करडं पाणी आणि मासळीसारखा वास असेल तर तो वेगळा संसर्ग; त्यात दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याची भीती असते. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. पाणी वाहिलं किंवा रक्त दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

उणं सांगायचं तर दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाकडी दोनच, आणि मला दीड तास थांबावं लागलं. अवघडलेल्या बाईला ते जड जातं, याकडे त्यांनी बघावंच. जाताना मागच्या महिन्यातल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, मॅडम ती मागून घेतात.