एका तेलाची तीन बिलं

आमच्या घरात १९८४ ची बुलेट आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. बाबा गेल्यावर तीन वर्षं ती पडवीत गोणपाट पांघरून उभी होती. गेल्या दिवाळीआधी मी ती बेळगावातल्या एका गॅरेजात नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वाद वाढवायची हौस नाही. पण ज्यांच्या दारात जुनी बुलेट आहे, त्यांनी हे वाचावं.

बाबा कायम २०डब्ल्यू५० मिनरल तेल घालायचे. मी तेच मागितलं तर गॅरेजवाला हसला. "काय ओ साहेब, एवढी अँटिक गाडी आणि तिला असलं साधं तेल? फुल्ली सिंथेटिक घाला की. इंजिन लोण्यासारखं चालतंय बघा." डबा होता ५डब्ल्यू३० चा, लिटरला साडेनऊशे रुपये. डब्यावर कारचं चित्र होतं. ते मला दिसलं होतं, हे कबूल करतो. पण महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, असं माझं डोकं चाललं. तीन डबे घेतले. इंजिनात सव्वादोन लिटर आणि क्लच असतो त्या चेनकेसमध्ये चारशे मिली, दोन्हीकडे तेच तेल. हे पहिलं बिल.

आठवडाभर मी खूश. किक हलकी झाली होती. मग निपाणीला ताईकडे जाऊन येताना तवंदी घाटात गाडीनं इंगा दाखवला. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जागच्या जागी. दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर मला मागं टाकून गेला. बाबांनी हे बघितलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

गॅरेजवाला म्हणाला, "क्लचच्या प्लेटा जळल्या. फुल सेट नवीन घालावा लागतोय." चोवीसशे रुपये. बिल हातानं, कन्नडमध्ये लिहिलेलं. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड बोलतो फाडफाड, बसच्या पाट्या वाचतो, पण घाईतलं हस्ताक्षर लागत नाही. न वाचताच बिल खिशात टाकलं. दोष कन्नडचा नाही, माझ्या आळसाचा.

पाच-सहा दिवस क्लच बरा चालला आणि परत घसरायला लागला. तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. गाडी चार दिवस उभी राहिली की तेल मोजायची डिपस्टिक कोरडी. फोन केला तर म्हणाला, "तेल पितंय, लिटरभर टॉपअप करा." केलं. दुसऱ्या दिवशी किक मारली तर निळा धूर अख्ख्या गल्लीत, आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून तेलाची धार. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे उचलून आत नेले. आता निदान आलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर बोअर करून नवीन पिस्टन. साडेनऊ हजार. हे तिसरं बिल. इथं मी थांबलो ते शहाणपणानं नव्हे, खिशात तेवढे नव्हते म्हणून.

खानापुरात बाबांचे एक जुने मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना मामाच म्हणतो. गाडी टेम्पोत घालून नेली. मामांनी पाना घेण्याआधी विचारलं, "तेल कुठलं घातलास?" मी सांगितल्यावर नुसती मान हलवली. गाडीखाली स्टीलचं पातेलं सरकवून क्रँककेसचा, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीचा, नट सोडला. तिथं थोडंसंच तेल असायला पाहिजे. पातेल्यात तांब्याभराच्या वर आलं, पाण्यासारखं पातळ.

"हे बघ. गाडीनं प्यालेलं तेल."

या बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनच्याच ओतकामात, क्रँकच्या मागच्या बाजूला असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. पंप जुना, झिजलेला, आणि तेल पातळ असलं तर जास्तच. मग डिपस्टिक कोरडी दिसते, आपण वरून आणखी ओततो, आणि किक मारली की जादाचं तेल धूर होऊन आणि ब्रीदरमधून बाहेर पडतं. रिंगा शाबूत असल्या तरी. हा ५ चा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं त्याचा. बर्फ पडणाऱ्या मुलखात त्याचा उपयोग. आमच्याकडं कितीही गारठलं तरी पाणी गोठत नाही. नंतरचा ३० किंवा ५० हा तापलेल्या तेलाचा दाटपणा. चाळीस वर्षं झिजलेल्या इंजिनाला तो दाटपणाच लागतो.

क्लचचं कोडंही तेलातच होतं. बुलेटच्या प्लेटा चेनकेसमधल्या तेलात बुडून फिरतात. कारच्या इंजिन तेलात प्लेटा नसतात, त्यामुळं पेट्रोल वाचावं म्हणून बऱ्याच कार-तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तीच आमच्या प्लेटांना नडली. मामांनी डब्याची पाठ फिरवून दाखवली. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या गोल शिक्क्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग', म्हणजे इंधन वाचवणारं, असं लिहिलेलं. मोटरसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा तेलात बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी शिक्का बघायचा, हे मला त्या दिवशी पन्नाशीत कळलं.

मग चेनकेस उघडली. मामांनी एक स्टीलची प्लेट पुसून माझ्या तळहातावर ठेवली. कडेला सेंटर पंचचे दोन ठिपके. बाबांची खूण, प्रत्येक सुट्या भागावर ते मारायचे. नवीन सेट म्हणून पैसे घेतले, आणि आत आमच्याच प्लेटा, पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून. मी खिशातलं बिल काढलं. मामांनी चष्मा वर सारून वाचलं, "क्लच प्लेट वॉश आणि सेटिंग."

परत गॅरेजात गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बिलात नवीन कुठं लिहिलंय साहेब? आणि तेल तर एक नंबर ओरिजिनल होतं." बरीच बाचाबाची झाल्यावर पाचशे रुपये परत दिले. ते घेताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेलाचं मात्र तो खरं बोलला. टॉपअपच्या डब्यातलं उरलेलं तेल भाच्यानं त्याच्या कारमध्ये घातलं. मस्त चालतेय.

बुलेटमध्ये आता २०डब्ल्यू५० आहे. प्लेटा धुऊन त्याच परत बसवल्या, ठिपक्यांसकट. मामांनी एकूण सातशे रुपये घेतले, तेलाचे वेगळे.