दोन्ही ताऱ्यांचा ग्रह की एकाच ताऱ्याचा: अभ्यासासाठी काय निवडावे?

द्वैती ताऱ्यांच्या, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या, ग्रहांवर प्रकल्प करायचा, तर आधी प्रकार ठरवावा लागतो. काही ग्रह दोन्ही ताऱ्यांना मिळून प्रदक्षिणा घालतात. काही एकाच ताऱ्याभोवती फिरतात आणि जोडीदार तारा दुरून त्यांच्या कक्षेवर परिणाम करत राहतो.

नवख्या अभ्यासकाने पहिला प्रकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. २०११ मध्ये जाहीर झालेला केप्लर-१६बी हा ग्रह पाहा. त्याचे तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि शनीएवढा हा ग्रह २२९ दिवसांत दोघांभोवतीची फेरी पूर्ण करतो. ताऱ्यांमधले सरासरी अंतर ०.२२ खगोलीय एकक (पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर म्हणजे एक एकक) आणि ग्रहाचे ताऱ्यांच्या जोडीपासूनचे ०.७० आहे, तो आणखी बराच आत असता, तर ताऱ्यांच्या सतत बदलत्या ओढीत त्याची कक्षा टिकली नसती. येथे तारे एकमेकांना झाकतात, ग्रहाची दोघांवरूनही अधिक्रमणे (ताऱ्यासमोरून जाणे) नोंदली गेली आहेत आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्यांच्या पिधानांच्या (एकमेकांना झाकण्याच्या) वेळा किंचित मागेपुढे होत असल्यामुळे ग्रहाचे वस्तुमानही ताऱ्यांच्या प्रकाशातील चढउतारांच्या आलेखातूनच काढता येते. इतकी माहिती एकाच आलेखात मिळणे ही खरोखर पर्वणी आहे. मात्र दर वेळी तारा आपल्या कक्षेत वेगळ्या जागी असल्याने अधिक्रमणे समान अंतराने होत नाहीत, त्यामुळे ठरावीक आवर्तन शोधणारी पद्धत येथे अपुरी पडते. शिवाय ग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू डोलत असल्याने, गणितानुसार, मोठ्या ताऱ्यावरील अधिक्रमणे २०१८ पासून थांबली असून ती २०४२ च्या सुमारास पुन्हा दिसतील. तोवर जुन्या नोंदींवरच काम करावे लागेल.

दुसऱ्या प्रकाराला चिकाटी लागते. वृषपर्वा तारकासमूहातील गॅमा सेफी या ताऱ्याच्या ग्रहाची चाहूल १९८८ मध्ये लागली, पुढे तिच्यावर शंका घेतली गेली आणि पुष्टी व्हायला २००३ उजाडले. ग्रहाची फेरी सुमारे अडीच वर्षांची, तर जोडीदार ताऱ्याची सुमारे ६७ वर्षांची आहे, म्हणून वर्णपटातून मोजलेल्या ताऱ्याच्या वेगात दोघांचे परिणाम वेगळे काढावे लागतात.

प्रश्न जीवसृष्टीचा असेल, तर मात्र दुसराच प्रकार घ्यावा. अल्फा सेंटॉरीचे दोन मुख्य तारे सुमारे ११ खगोलीय एककांपर्यंत जवळ येतात, तरीही प्रत्येकाभोवती सुमारे दोन एककांपर्यंतच्या कक्षा टिकू शकतात आणि द्रवरूप पाण्याला अनुकूल पट्टा दोघांच्याही बाबतीत त्या मर्यादेच्या आत येतो.